यशोदाला तू दिलेलं उत्तर

सुनंदा, तू कशानं गेलीस, न्यायला उशीर झाला का, शेवटचं काय बोललीस, हे मी इथं लिहिणार नाही. ते सांगून सांगून माझी जीभ दमली आहे. दीड महिना झाला तरी रोज कुणीतरी रस्त्यात थांबवतं आणि पहिल्यापासून विचारतं. मी सांगतो, तो माणूस हळहळतो आणि आपल्या कामाला निघून जातो. मला तुझ्याशी वेगळ्याच गोष्टीवर बोलायचं आहे. ती आपल्या दोघांत सहा वर्षं पडून होती आणि आपण तिला ओलांडून घरात इकडून तिकडे जात होतो.

घर रिकामं आहे. पुण्यानुमोदनाचा कार्यक्रम झाला आणि तिसऱ्या दिवशी प्रणय नागपूरला गेला, त्याची परीक्षा होती. ऋतुजा जबलपूरच्या होस्टेलमधून रोज फोन करते. "पापा, खाना खाया?" मी म्हणतो, खाल्लं. मराठीत विचार म्हटलं की हसते. तुझ्याशी ती मराठीत बोलायची, माझ्याशी हिंदीत, आणि मला वाटायचं घरात दोन्ही आहेत, चाललं आहे. आता दिवसभर दवाखान्यात हिंदी, संध्याकाळी फोनवर हिंदी. बालाघाटात मराठी माणसं पुष्कळ आहेत, पण "जेवाले वाढू काय?" असं म्हणणारं माझं एकच माणूस होतं. भात अजून दोघांचा शिजतो. सकाळी उरलेला खातो आणि परत संध्याकाळी तेवढाच टाकतो.

तू म्हणायचीस, तुमाले कोणतीच गोष्ट शेंड्यावरून सांगता येत नाही, मुळापासून खणता. खरं आहे. आत्ताही मुळापासूनच सांगणार आहे, ऐक.

ज्या वर्षी सरकारी विम्याचं कार्ड निघालं, त्या वर्षी मला इथल्या एका खाजगी दवाखान्यात खिडकी मिळाली. कार्डाची खिडकी. कुणाचं कार्ड चालतं, कुणाचं नाव चुकलं आहे, कोणता आजार कार्डात बसतो आणि कोणता बसत नाही, ते सांगायचं आणि कागद भरायचे. धान कापून झालं की गावोगावच्या बाया यायच्या. आपल्या जिल्ह्यातल्या बिरसाकडच्या, खैरलांजीकडच्या. कार्ड पदरात गुंडाळलेलं. जवळ येऊन हळू आवाजात म्हणायच्या, "बच्चे बंद होने का ऑपरेशन कराना है." मला सांगावं लागायचं की ते इथं कार्डावर होत नाही. ते सरकारी दवाखान्यात होतं, ठरलेल्या दिवशी होतं, आणि तिथं कार्ड लागतच नाही. जिथं कार्ड चालतं तिथं ते होत नाही आणि जिथं होतं तिथं कार्ड कुणी विचारत नाही, हे समजावताना माझाच गोंधळ उडायचा. त्या बाया ऐकून घ्यायच्या आणि कार्ड उलटंसुलटं करून पाहायच्या. इतक्या लांबून दोन बसगाड्या बदलून आलेल्या असायच्या. सरकारी दवाखान्याचा दिवस म्हणजे गर्दी, फरशीवर अंथरलेल्या गाद्या, आणि नंबर नाही लागला तर पुढच्या वेळी या. इथं पलंग दिसायचे, पडदे दिसायचे, आणि हातात कार्ड असून आत जाता यायचं नाही.

मग मी त्यांच्या नवऱ्यांना बोलवायला लागलो. पुरुषाचं ऑपरेशन सोपं असतं, टाका नाही, काही नाही, तुम्हीच करून घ्या, असं सांगायचो. कुणी ऐकायचं नाही. एकदा एकानं सरळ विचारलं, "साहब, आपने कराया है?" आणि माझ्या तोंडून निघून गेलं, "हां, कराया है." तो गप्प झाला. पहिल्यांदाच एक माणूस माझ्यासमोर गप्प झाला होता. पुढच्यालाही तेच सांगितलं. हळूहळू त्या खोट्याला हातपाय फुटले. किती दिवसांनी सायकल चालवली, किती दिवसांनी तांदळाचं पोतं उचललं, सगळं मी रंगवून सांगायचो.

आणि एक दिवस तू डबा घेऊन आलीस. मी घरी विसरलो होतो. खिडकीसमोर एक माणूस बसला होता आणि माझी कथा रंगात आली होती. तू खांबाजवळ उभी राहून सगळं ऐकलंस. तो गेल्यावर डबा ठेवलास आणि निघून गेलीस. संध्याकाळी सुपात तांदूळ घेऊन निवडत बसली होतीस. मी पाय धुऊन आत आलो तेव्हा मान खालीच ठेवून विचारलंस, "काहो, तुमचं आप्रेशन कवा झालं?"

"अवं, लोकाईले पटलं पाहिजे म्हून बोलतो."

"म्या त म्हटलं, सगळ्या बालाघाटले सांगतलं आन मलेच नाही सांगतलं."

आणि इतकी हसलीस की सुपातले तांदूळ खाली सांडले. मीही हसलो. तेव्हा ते हसण्यासारखंच होतं.

पुढचं हसण्यासारखं नव्हतं. दोन मुलं मोठी झालेली, आणि तुला तिसऱ्यांदा दिवस गेले. गर्भ पाडून सफाई करून घेतलीस. त्याच्या आधी बसवलेली कॉपर-टी तुला मानवली नव्हती, अंगावरून इतकं जायचं की भाकरी थापताना तू मधेच भिंतीला टेकून बसायचीस. सफाई झाल्यावर आठ दिवसांनी तू मला म्हणालीस, "आता तुमी करा. लोकाईले सांगता तेच करा, दुसरं काई मागत नाही मी." मी लगेच हो म्हटलं. धान कापणी होऊ दे म्हटलं, जसं काही माझं पाच एकर धान उभं होतं. मग म्हटलं थंडी ओसरू दे. मग म्हटलं चौदा एप्रिल होऊ दे, मिरवणुकीचं सगळं सामान माझ्याच अंगावर असतं. तू दर वेळी "बरं" म्हणालीस.

एकदा मी गेलो होतो, सुनंदा. हे तुला मी कधी सांगितलं नाही. सांगितलं ते दुसरंच. सरकारी दवाखान्याच्या बाहेर टपरीवर चहा घेतला. आत रांगेत सगळ्या बाया होत्या. आपल्या वॉर्डातला एकजण त्याच्या आईला घेऊन आलेला दिसला, त्यानं मला हात केला, मी हात केला, आणि चहाचा ग्लास ठेवून परत फिरलो. घरी येऊन तुला सांगितलं की आज डॉक्टर आलेच नाहीत. तू "बरं" म्हणालीस. दुसऱ्या दिवशी वॉर्डात आरोग्याचं काम करणारी आशाताई आपल्या अंगणात बसून सांगत होती की काल डॉक्टर संध्याकाळपर्यंत होते, मान वर करायला फुरसत नव्हती. तू माझ्याकडे पाहिलंस आणि तिला विचारलंस, चहात आलं टाकू काय?

मला दुखण्याची भीती नव्हती. सुईला मी भीत नाही. मला वाटायचं, हे केलं की मी कमी होईन. लोकांत नाही, माझ्याच अंगात. हे खोटं आहे हे मी दिवसातून दहा वेळा दुसऱ्यांना समजावत होतो आणि स्वतःला एकदाही समजावू शकलो नाही. तू विचारलं असतंस तर हेच सांगितलं असतं, असं आता वाटतं. बहुतेक तेव्हाही काहीतरी दुसरंच सांगितलं असतं.

आणि मग ती जिलबी. आमच्या दवाखान्याच्या मोठ्या साहेबांनी मला केबिनमध्ये बोलावलं होतं. तुझ्या अंगावरून जातं हे त्यांना कुणाकडून तरी कळलं होतं. म्हणाले, "बच्चादानी निकलवा दो. वो कार्ड में बैठता है. सब झंझट एक बार में खत्म." मला ते एकदम पटलं. पलंग मिळणार, वेगळी खोली मिळणार, ओळखीच्या नर्सा, आणि माझ्यावरचंही टळणार. हे शेवटचं मी मनातल्या मनातसुद्धा म्हटलं नाही, पण ते होतंच. येताना मी पाव किलो जिलबी आणली. पुडा तुझ्या हातात दिला आणि आनंदाची बातमी सांगावी तसं सांगितलं.

तू पुडा उघडलासुद्धा नाहीस. "पिशवीले काय झालं माह्या?"

"काई झालं नाही. पण कार्डावर होऊन जाते ना."

"कार्डावर बसते म्हून अंगातलं काढून टाकू काय? उद्या कार्डात मुंडकं बसलं त मुंडकंही काढून आणसान?"

मी म्हटलं, तुझ्या भल्यासाठीच सांगतो आहे. तू म्हणालीस, माह्या भल्याचं आहे त तुमी काहून जात नाही? उत्तर नसलं की माझा आवाज चढतो हे तुला माहीत होतं. मी ओरडलो. तिरोडीच्या खदानीवरच्या लोकांना काय कळतं म्हणालो. तुझे बाबा जन्मभर त्या खदानीत राबले, ते वारून तेव्हा वर्षही झालं नव्हतं. जिलबी ओट्यावर तशीच राहिली, सकाळी तिला मुंग्या लागल्या आणि मीच ती फेकून दिली. त्या वाक्याची माफी मी तुझ्याकडे मागितली नाही. आठवणीत होती रोज. आता मागतो आहे, पण आता ऐकणारं कुणी नाही, म्हणून ती मागणं फार सोपं झालं आहे आणि त्याची मला लाज वाटते.

एक आणखी सांगायचं आहे. तू नाही म्हणालीस म्हणून तू त्यातून वाचलीस. ज्या नाही म्हणू शकल्या नाहीत त्यांचे कागद मीच भरले. बच्चे बंद होण्याचं ऑपरेशन मागायला आलेल्या, तिशीतल्या, धडधाकट बाया. त्यांना कार्डावर एवढंच मिळतं असं सांगितलं गेलं, आणि त्या पिशवी काढून घरी गेल्या. मी खिडकीवर बसून अंगठे घेतले. त्यातल्या एकदोघी बाजारात भेटतात, कंबर धरून चालतात, आणि मला हात जोडून नमस्कार करतात. मी भाजी न घेताच घरी येतो.

त्या भांडणानंतर पंधरा दिवसांनी खैरलांजीला कार्ड बनवण्याचा कॅम्प होता. मी सकाळच्या बसनं गेलो. दिवसभर लोकांचे अंगठे आणि फोटो घेत बसलो, आणि तिथंही दोनतीन जणांना माझ्या ऑपरेशनची कथा ऐकवली. संध्याकाळी घरी आलो तर तू भिंतीकडे तोंड करून निजली होतीस. दिवेलागणीच्या वेळी तू कधी निजत नव्हतीस.

"काय झालं?"

"सरकारीत जाऊन मुलं बंदचं आप्रेशन करून आली."

"कोणासंग गेलती?"

"आशाताईसंग. तिनंच ऑटोत आणून सोडलं."

"मले काहून नाही सांगतलं?"

तू वळली नाहीस. "तुमची सही लागत नाही. म्या इचारलं." आणि मग, "भात झाकून ठेवला आहे. वरण गरम करून घ्या."

मी वरण गरम केलं. तू ऑपरेशनला जायच्या आधी स्वयंपाक करून ठेवला होतास, हे मला जेवताना कळलं. ताटावर बसून मी रडलो नाही, काही नाही, जेवलो. त्यानंतर आपण त्या विषयावर भांडलो नाही. भांडलो असतो तर बरं झालं असतं. तू पुन्हा पहिल्यासारखी बोलायला लागलीस, चिडवायला लागलीस, मुलांच्या फीची, शेजारच्या लग्नाची, सगळी बोलणी सुरू झाली. मला वाटलं तू विसरलीस. खरं म्हणजे मला तसं वाटून घ्यायचं होतं.

आणि मी खिडकीवर तेच सांगत राहिलो. सहा वर्षं. तुझे टाके निघाले त्या आठवड्यातसुद्धा.

आता ज्यासाठी हे सगळं लिहायला बसलो ते. तुझ्या पुण्यानुमोदनाला विहारात खूप माणसं आली होती. वंदना झाली, भन्ते बोलले, मी कशातच नव्हतो. जेवणं सुरू झाल्यावर एक नवराबायको माझ्यासमोर येऊन उभे राहिले. त्याच्या हातात नव्या तांदळाची पिशवी. बाई म्हणाली, "साहेब, तुमी ओळखलं नाही. मी यशोदा, खैरलांजीकडची. हे गणेश. यायचं आप्रेशन तुमच्या सांगण्यानं झालतं." मग थांबून म्हणाली, "तुमच्या नाही, बाईच्या सांगण्यानं."

मला काही समजेना. तिनं सांगितलं ते असं. तिला तीन मुलं. अंगात रक्त इतकं कमी की तिचं ऑपरेशन करायला सरकारी दवाखान्यातले डॉक्टर तयार नव्हते, आणि पुन्हा दिवस गेले तर जगणार नाही असंही त्यांनीच सांगितलं होतं. म्हणजे रस्ता एकच उरला होता, गणेशचा. त्याला मी कॅम्पात माझी कथा ऐकवली होती. घरी जाऊन तो म्हणाला, थो साहेब खोटा बोलते, त्याची ड्युटीच आहे थे. मग ही बाई विचारत विचारत बालाघाटला आपल्या घरी आली. मी कामावर होतो.

"बाई खाटेवर होत्या," यशोदा सांगत होती. "उठून बसल्या त पोटाले हात लावून बसल्या. म्या म्हटलं काय झालं बाई, त म्हणे, ताप आहे जरासा. म्या पाया पडली. म्हटलं, बाई, माह्या जिवाचा सवाल आहे, खरं सांगा. तुमच्या साहेबानं केलं काय खरंच? बाई माह्याकडे पाहात राह्यल्या. मंग म्हणे, हौ. यायनंच केलं. मले हातही लावू देल्ला नाही कोणाले."

मी विचारलं, हे कधी झालं? ती म्हणाली, खैरलांजीले कॅम्प झाला त्याच्या चार रोजानं.

चार दिवसांनी, सुनंदा. तुझे टाके ओले होते.

गणेश इतका वेळ पिशवी धरून उभा होता. मग म्हणाला, "बाई खोटं बोलणाऱ्या दिसल्या नाही म्हणे इले. म्हून गेलो मी." मला तेव्हाच त्याला सांगता आलं असतं. शंभर माणसं होती तिथं, तुझा फोटो होता, मेणबत्त्या जळत होत्या. मी म्हटलं, बसा, जेवून जा. त्याच्या हातातली तांदळाची पिशवी घेतली आणि आत नेऊन ठेवली.

त्यानंतरचे आठ-दहा दिवस मी तुझ्या त्या एका शब्दावर काढले. मला वाटलं, तू माझी अब्रू राखलीस. नवऱ्याचं खोटं चारचौघात उघडं पडू नये म्हणून पोटाला हात लावून बसलीस आणि हौ म्हणालीस. रडू यायचं आणि बरंही वाटायचं. एवढं प्रेम होतं तिचं, असं मी स्वतःला सांगायचो. मग ठरवलं की आता आपण खोटं बोलायचं नाही. तुझ्या नावानं तरी नाही.

कामावर परत गेलो. दुसऱ्याच दिवशी एक जोडपं आलं, बिरसाच्या पलीकडच्या गावचं. पोरगीच म्हणायची ती, जेमतेम पंचवीसची, कडेवर एक आणि हाताला दोन. कार्ड पुढे केलं आणि तेच हळू आवाजातलं वाक्य. मी सांगितलं, इथं कार्डावर होत नाही. सरकारी दवाखान्याचा दिवस सांगितला. ती म्हणाली, दोनदा जाऊन आले, दोन्ही वेळा खून कम है म्हणून परत पाठवलं. मग मी तिच्या नवऱ्याला बसवलं, समजावलं, सगळं नीट सांगितलं. त्यानं ऐकून घेतलं आणि विचारलं, "साहब, आपने कराया है क्या?"

मी म्हटलं, "नहीं. मेरी पत्नी ने कराया था."

मला वाटलं छातीवरचं ओझं उतरेल. तो माणूस हसला. मोकळेपणानं, सुटल्यासारखा हसला. बायकोकडे वळून म्हणाला, "देखा? साहब ने भी नहीं कराया. चल." आणि उठला. तिनं माझ्याकडे एकदा पाहिलं, कार्ड पदराच्या टोकाला बांधलं आणि त्याच्या मागे गेली. मी हाक मारली, खिडकीतून उठून दारापर्यंत गेलो. ते रस्ता ओलांडून बसस्टँडकडे निघालेले होते. नाव लिहून घेतलं नव्हतं, गाव नीट विचारलं नव्हतं. ती परत आलेली नाही.

त्या दिवशी दारात उभा असताना मला कळलं की मी दहा दिवस तुझा चुकीचा अर्थ लावत होतो. तू माझी अब्रू राखली नव्हतीस. माझी कसली अब्रू? तुझ्यासमोर एक बाई पायाशी बसून स्वतःचा जीव मागत होती. तू खरं बोलली असतीस तर तुझं मन हलकं झालं असतं, माझ्यावरचा राग निघाला असता, आणि यशोदा मेली असती. तू तिच्यासाठी हौ म्हणालीस. मी त्यात कुठेच नव्हतो. माझ्या वाट्याला आलं ते फक्त एवढंच की तुझ्या उत्तरात जो नवरा होता, तो कुठे नव्हताच. आणि मी खरं बोलून काय केलं? स्वतःला मोकळं केलं आणि तिला रस्त्यावर सोडलं.

खूप एकटं वाटलं तेव्हा. तू गेल्यावर पहिल्या दिवशीसुद्धा इतकं वाटलं नव्हतं. काय करायचं ते विचारायला या गावात दुसरं कुणीच नव्हतं. खोटं बोलू तर तुझ्यासारखं बोलता येत नाही, माझ्या तोंडावर ते दिसतं, गणेशला दिसलंच होतं. खरं बोलू तर बाया मरतात. घरी येऊन मी तुझ्या फोटोसमोर बसलो आणि तुझ्याशी भांडलोसुद्धा. मला त्या वेळी झोडपलं काहून नाहीस, ओढत नेलं काहून नाहीस, "बरं, बरं" काहून म्हणत राहिलीस. तुझ्याकडून उत्तर येणार नव्हतं. बाहेर शेजारच्या घरी टीव्ही चालू होता, तो ऐकत बसलो.

मागच्या आठवड्यात ऑपरेशनच्या दिवशी मी सुट्टी घेतली आणि सरकारी दवाखान्यात गेलो. पुरुष मी एकटाच. कागद भरणारी मुलगी ऋतुजापेक्षा थोडी मोठी असेल. "पत्नी का नाम?" सांगितलं. "साथ आई हैं?" मी म्हटलं, नाही, ती वारली. तिनं पेन खाली ठेवलं. "अंकल, फिर आपको क्या ज़रूरत है?"

काय सांगायचं होतं तिला? मी म्हटलं, "बेटा, उन्होंने लोगों को बता रखा है कि मैंने करा लिया."

ती उठून डॉक्टरांकडे गेली. डॉक्टरांनी मला आत बोलावलं, खालपासून वरपर्यंत पाहिलं. दुसरं लग्न करायचं झालं तर पस्तावाल म्हणाले. एक महिना थांबून या म्हणाले. मी म्हटलं, खूप थांबलो आहे. त्यांनी ऑपरेशनबद्दल सगळं परत समजावलं, जे मला तोंडपाठ होतं, आणि मी पहिल्यांदाच नीट ऐकलं. मग ते म्हणाले, नियमात बसतं, चला.

आता मी खिडकीवर बसलो आहे आणि कुणी विचारलं तर सांगतो. काल दोघांना सांगितलं. एकजण उठून गेला, एकजण बसून राहिला आणि कधी यायचं ते विचारून गेला. त्याची बायको बाहेर बाकावर बसली होती, तिला यातलं काही माहीत नव्हतं.

तुला एवढंच सांगायचं राहिलं आहे. ऑपरेशनच्या खोलीत भिंतीवर घड्याळ होतं. आडवा पडल्या पडल्या मी त्याच्याकडेच पाहत होतो, दुसरीकडे पाहायची हिंमत नव्हती. तू मागितलंस तेव्हापासून मी धान सांगितलं, थंडी सांगितली, चौदा एप्रिल सांगितला, डॉक्टर नव्हते असं सांगितलं. सुनंदा, सगळं मिळून पंधरा मिनिटं लागली.